एसी, हीटर आणि गीझर: कोल्हापूरच्या घरांतले नेहमीचे प्रश्न

मार्च लागला की 'एसी गार करत नाही' आणि दिवाळी झाली की 'गीझरला पाणी पुरत नाही', या दोन तक्रारी कोल्हापुरात ठरलेल्या. त्यांवर मिळणारी उत्तरंही ठरलेली: 'गॅस संपलाय' आणि 'मोठा गीझर घ्या'. दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकतात. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत.

एसी गार हवा बाहेरून ओढून आत सोडतो काय?

नाही. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. भिंतीच्या भोकातून जातात त्या तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याचा एक पाइप. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याचं काम.

ही उष्णता वाहून नेतं ते रेफ्रिजरंट, म्हणजे सगळे ज्याला 'गॅस' म्हणतात ते. आउटडोअरमधला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा ते चांगलं ७०-८० अंशांपर्यंत तापतं. बाहेरच्या कॉइलवर पंखा वारा घालतो, त्यात उष्णता निघून जाते आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव कॅपिलरीच्या केसासारख्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे सुटला की दाब एकदम पडतो आणि ५ ते १० अंशांनाच तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते, ती तो इनडोअरच्या कॉइलमधून, पर्यायाने खोलीच्या हवेतून घेतो. हातावर स्पिरिट चोळल्यावर गार लागतं, तोच प्रकार. फरक इतकाच की इथे स्पिरिट उडून जात नाही, त्याच नळ्यांत फिरत राहतं.

म्हणूनच फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही. आतली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत येते, वर मोटरची उष्णता वेगळीच.

दीड टन म्हणजे एसीचं वजन काय?

बर्फाचा हिशोब आहे. यंत्रं येण्याआधी थंडावा बर्फाच्या लाद्यांनी मोजत. अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टनाची क्षमता. आजच्या भाषेत तासाला १२,००० बीटीयू किंवा ३.५ किलोवॉट. हे ३.५ किलोवॉट म्हणजे हलवलेली उष्णता, विजेचा वापर नव्हे. एक टनाचा चांगला एसी वीज एक किलोवॉटच्या आसपास घेतो.

आमच्या खोलीला किती टन लागेल?

१०० ते १२० चौरस फुटांच्या मधल्या मजल्यावरच्या बेडरूमला एक टन पुरतो. १५० ते १८० फुटांना दीड टन. पण कोल्हापुरात नुसत्या फुटांवर जाऊ नका, वर काय आहे ते पाहा.

इथे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८-४० पर्यंत चढतो, पण रात्री बहुधा २२-२४ पर्यंत उतरतो. मग वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही का भाजतं? दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहते म्हणून. हात वर करून छताला लावून पाहा, कळेल. अशा खोलीला अर्धा टन जास्त धरावा लागतो. त्याऐवजी गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, निदान चुना तरी मारा, आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा. बऱ्याच घरांत तेवढ्यावर एक टनातच भागतं. मंगलोरी कौलांच्या खोलीत, खाली फॉल्स सीलिंग नसेल तर, एसी बसवूच नये. कौलांच्या फटींतून गारवा जातो आणि बिल तेवढं उरतं.

मोठा घेतलेला बरा, असंही नाही. साधा एसी गरजेपेक्षा मोठा असेल तर पाच मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो. हवेतला दमटपणा तेवढ्यात निघत नाही. खोली गार आणि अंथरूण चिकट, असा प्रकार होतो.

इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावर चालणारा काय?

नाही. बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टर एसीतला सर्किट बोर्ड कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करतो. खोली गार झाली की तो बंद न होता हळूहळू फिरत राहतो. सलग सात-आठ तास चालवणार असाल तर यात खरी बचत आहे. पाहुणे आले तरच तासभर लावणार असाल तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतात, आणि बिघडला तर बोर्ड महाग पडतो.

बिल किती येईल?

लेबलवरच्या ताऱ्यांपेक्षा खाली छापलेला आयएसईईआर हा आकडा बघा. ५ असेल तर हंगामाच्या सरासरीने एक युनिट वीज घेऊन एसी पाच युनिट उष्णता हलवतो. लेबलवरची वार्षिक युनिटं १६०० तासांच्या वापराची असतात, तुमचे तास त्या प्रमाणात काढा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होत असतात. जुन्या वर्षाचं पाच तारे आजच्या पाचाइतकं नसतं, म्हणून लेबलवरचं वर्षही वाचा.

दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी २५-२६ वर ठेवून रात्री आठ तास चालवला तर साधारण ५-६ युनिटं जातात, महिन्याला दीडशे ते एकशे ऐंशी. खरा चिमटा पुढेच बसतो. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. घरात आधीच २०० युनिटं जळत असतील तर एसीच्या भरीतली ५० ते ८० युनिटं ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात पडतात. युनिटं दुप्पट आणि बिल अडीचपट, ते यामुळे.

१८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. २४ पर्यंत यायला लागणारा वेळ तोच, फक्त एसी तिथे थांबत नाही. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब. २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ वर येतात, तेही याच ब्युरोच्या नियमामुळे.

गॅस दरवर्षी भरायला लागतो काय?

नाही, नाही आणि नाही. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांत तो फिरतो, दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

मेकॅनिकला बोलावण्याआधी इनडोअरचं झाकण उघडा, जाळ्या काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचा बल्ब दिसत नसेल तर तिथेच उत्तर आहे. नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, बसवा. मग पंधरा मिनिटं एसी चालवून साध्या थर्मामीटरने आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक १० ते १२ अंशांचा असेल तर गॅस ठीक आहे आणि अडचण खोलीची आहे. आठच्या खाली असेल तर पुढे तपासायचं. (पावसाळ्यात हा फरक थोडा कमीच येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.)

गळती बहुतेक वेळा फ्लेअर नटवर सापडते, जिथे तांब्याची नळी पसरवून पितळी नटाने आवळलेली असते. त्याभोवती काळपट तेलकट ओल दिसते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. भांड्याच्या साबणाचा फेस लावला की बारीक बुडबुडे एकामागून एक फुगत येतात. नट फक्त जोरात आवळून चालत नाही. फ्लेअरला चीर असेल तर कापून नवा करावा लागतो.

दुरुस्तीनंतर नळ्यांत नायट्रोजन भरून ३०० ते ४०० पीएसआयवर दाब टिकतो का ते बघतात. ऑक्सिजनचा सिलिंडर या कामाला कधीही वापरू देऊ नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. त्यानंतर पंपाने व्हॅक्यूम, ५०० मायक्रॉनच्या खाली (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप). वीस-तीस मिनिटं तरी लागतात. इथेच सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. नळीतून फुस्सकन थोडा गॅस सोडून 'हवा काढली' म्हणतात. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते किंवा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते, आणि सहा महिन्यांनी कॉम्प्रेसरचं नाव निघतं.

शेवटी गॅस वजनकाट्यावर भरायचा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. चालू एसीत जाड नळीवर गेज लावलं तर गॅसच्या प्रकाराप्रमाणे आर-२२ ला ६० ते ७५ पीएसआय, आर-४१०ए आणि आर-३२ ला साधारण ११५ ते १४५ दिसतात. पण हे आकडे हवामानाप्रमाणे हलतात, म्हणून ते पडताळणीपुरते, मोजमाप काट्याचंच. इन्व्हर्टर एसीत तर वेगाबरोबर दाब बदलतो, गेजवरून गॅस भरणारा अंदाजानेच भरतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा काम चालू असताना आसपास विडी-सिगारेट नको.

आउटडोअर 'हूं' करून बंद पडतो. कॉम्प्रेसर गेला म्हणतात.

आधी कपॅसिटर बघायला सांगा. साध्या दीड टनी एसीत तो ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, दंडगोल, वरून फुगलेला असेल तर खात्रीच. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का त्यातून मिळतो. तो अशक्त झाला की मोटर गुणगुणते, तापते, ट्रिप होते. काही शे रुपयांचं काम. स्वतः हात घालू नका, वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.

इनडोअरमधून पाणी टपकतं. गॅसचं पाणी आहे काय?

ते खोलीच्या हवेतलं पाणी. गार कॉइलवर दव धरतं, ट्रेमध्ये गळतं आणि पाइपने बाहेर जातं. दमट दिवसांत दीड टनी एसी तासाला लिटरभर सहज काढतो. पाइप तुंबला की ट्रे भरून पाणी भिंतीवर. पाइपात जेलीसारखा शेवाळी चिकटा साठतो, कधी मुंग्यांची माती. बाहेरच्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावून ओढला तर तो निघतो. पाइपला मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा, मध्ये झोका नको, आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडवायचं नाही.

कॉइलवर बर्फ धरला तर?

एसी बंद, नुसता पंखा चालू, तासभर. सुरी-चमच्याने खरवडू नका, नळीला भोक पडतं. कारणं दोनच: हवा कमी (तुंबलेली जाळी, मळलेला ब्लोअर) किंवा गॅस कमी. पहिलं कारण स्वच्छतेने जातं, म्हणून आधी तेच.

आउटडोअर कुठे बसवावा?

जिथून त्याने टाकलेली गरम हवा परत त्याच्याच पाठीत शिरणार नाही अशा जागी. मागे किमान एक वीत, समोर चार-पाच फूट मोकळं. डक्टमध्ये कोंबलेला किंवा बाल्कनीत ग्रिल आणि ताडपत्रीच्या आड बसवलेला आउटडोअर स्वतःचीच वाफ पितो आणि दुपारी ट्रिप होतो.

इथल्या तीन गोष्टी वेगळ्या. पहिली काजळी: गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची आणि पेटवलेल्या पाल्याची काळी भुकटी कॉइलच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये बसते. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या ऊसपट्ट्यात हंगाम संपल्यावर कॉइल एकदा पाण्याने धुवाच, धार सरळ ठेवून. तिरक्या धारेने फिन्स आडव्या होतात. दुसरी पाल: ती उबेला बोर्डावर जाऊन बसते आणि शॉर्ट करते. वायरच्या भोकाला पुट्टी लावा. तिसरी पूर. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर पाहिलेल्या भागात आउटडोअर जमिनीवरच्या ओट्यावर ठेवायचाच नाही, पहिल्या मजल्याच्या उंचीवर ब्रॅकेटवर घ्या. बुडालाच तर पाणी ओसरल्यावर 'चालतोय का' बघायला बटण दाबू नका. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा, चिखल गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मेगर नावाच्या मीटरने वायरिंगचं इन्सुलेशन मोजून घ्या. बोर्ड आणि पंख्याची मोटर बहुधा जाते. कॉम्प्रेसर वेल्ड करून बंद केलेला असतो, तो पुष्कळदा वाचतो. घाईने वीज दिली तर तोही जातो.

वायरिंग जुनंच चालेल काय?

दिवे-पंख्यांच्या लाइनवर नाही. मीटर बोर्डापासून वेगळी लाइन घ्या, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, अंतर लांब असेल तर ४. स्वतःचा १६ किंवा २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट. प्लग काढताना हाताला चटका बसत असेल किंवा सॉकेटभोवती पिवळसर डाग दिसत असेल तर संपर्क सैल आहे. आग तिथून लागते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते मोजून घ्या.

उन्हाळ्यात कूलर पुरेल का?

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी चांगला पुरतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषली जाते, तीही पंख्या-पंपाच्या किरकोळ विजेत. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात हवा ओलीने भरते. वळीव सुरू झाले की त्याचा उपयोग संपला. जूनपासून एसीचा ड्राय मोड कामाचा, पंखा हळू ठेवून तो पाणी जास्त काढतो. कपाटातल्या बुरशीवरही तो बरा.

थंडीत खोली गरम करायला एसी घ्यावा की हीटर?

'हॉट अँड कोल्ड' एसीत एक चार तोंडी झडप असते, ती गॅसचा प्रवाह उलटा करते. मग इनडोअर तापतो आणि आउटडोअर गार होतो. एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता आत येते. २००० वॉटचा रूम हीटर तासाला दोन युनिट घेऊन दोनच देतो. तरीही केवळ कोल्हापूरच्या थंडीसाठी असा एसी घेणं आम्हाला पटत नाही. किमान तापमान बहुधा १२-१५ पर्यंतच जातं आणि तेही काही आठवडेच. लहान बाळ किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर तेलाचा रेडिएटर बरा. त्याची तार उघडी नसते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका, कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

गीझर किती लिटरचा घ्यावा?

बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांना १५ लिटर पुरतो. २००० वॉटचं एलिमेंट १५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर अठरा-वीस मिनिटांत नेतं, खर्च ०.६ युनिटाच्या आसपास. शॉवर असेल तर २५ लिटर. तीन लिटरचा इन्स्टंट ३००० वॉटचा असला तरी सलग धारेला मिनिटाला दोनच लिटर पाणी वीस अंशांनी तापवू शकतो. तो भांड्यांना ठीक, अंघोळीला कुचंबणा.

'पाणी पुरत नाही' यामागे बोअरचं पाणी असतं. एलिमेंटवर अंड्याच्या टरफलासारखा पांढरा क्षार चढतो, उष्णता आतच कोंडते आणि शेवटी एलिमेंट फाटतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा ते उघडून घासून घ्यावं, थर्मोस्टॅट ५५ च्या वर नेऊ नये. त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघा. टाकी गंजण्याऐवजी तो झिजतो. अंगठ्याएवढा रॉड झिजून मधली तार दिसायला लागली की बदलायचा. तो संपला की पुढची पाळी टाकीची.

गरम होताना जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर घाबरू नका. १५ लिटर पाणी तापून दीड-दोनशे मिलिलिटरने फुगतं, त्याला जागा हवी. गीझर बंद असतानाही धार चालू असेल तर व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मारणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं. गीझरच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, इथे काटकसर नको.

बंब काढून गॅस गीझर लावला. बाथरूममध्ये चक्कर येते.

ताबडतोब बाहेर या आणि तो गीझर बाथरूममध्ये वापरणं आजच बंद करा. तांब्याचा बंब असो, शेगडी असो की गॅस गीझर, ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, पाय लटके पडतात आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. बंब परसात पेटायचा म्हणून निभावलं. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा, आत फक्त गरम पाण्याची नळी घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नर साफ करायला आला. एक्झॉस्ट फॅन बसवला की झालं, असं समजू नका. बंद खोलीत तो धूर उलटा आत ओढू शकतो.

सोलर वॉटर हीटर इथे चालतो का?

उत्तम चालतो, वर्षातले आठ महिने. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तोंड दक्षिणेला आणि कल २५ ते ३० अंश ठेवला तर हिवाळ्यातलं खालचं ऊन नीट मिळतं, गरम पाणी तेव्हाच जास्त लागतं. १०० लिटर दोन-तीन माणसांना. जून ते सप्टेंबर टाकीतल्या विजेच्या एलिमेंटवर काढावे लागतात.

टाकी रिकामी राहून काचेच्या नळ्या दुपारभर कोरड्या तापल्या असतील तर लगेच पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत, सकाळी सातच्या सुमारास भरा.